डोंगराचं देणं

गच्चीवरच्या तारेवरून दुपटी काढताना द्वारकाच्या बोटाला काहीतरी टोचलं. पाहिलं तर कुसळ होतं, अर्धं जळलेलं. तिनं ते चिमटीत धरलं तशी त्याची काजळी झाली आणि पांढऱ्या दुपट्यावर रेघ उमटली. पोराची दुपटी दोन पाण्यांतून काढून वर उकळून घेणारी बाई ती. एरवी तिनं खालच्या बेकरीच्या नावानं बोटं मोडली असती आणि दुपटं पुन्हा बादलीत टाकून मोकळी झाली असती. पण बेकरीच्या धुराड्यातून कुसळ कसं येईल? भट्टीत बाभळीचा ओंडका जातो, डोंगरचं गवत जात नाही. तिनं मान वर केली. शहराच्या छावणी भागातल्या त्या गच्चीवरून मावळतीकडे दौलताबादचा किल्ला दिसायचा आणि त्याच्या मागे खुलताबादच्या डोंगरांची निळी कड. आज कड नव्हती. तिथं मळकट धूर बसला होता आणि वाऱ्याचा रोख इकडेच होता. शेजारची भागूबाई कुरडया उलथत होती. तिनंही तिकडे पाहिलं, पदरानं घाम टिपला आणि म्हणाली की दरसालचंच आहे हे, उन्हाळा लागला की कोणीतरी बिडी टाकतंय आणि डोंगर पेटतोय. एवढं बोलून ती पुन्हा कुरडयांना लागली. शहराला वणव्याचं काय? अंधार पडला की लोक पोरांना कडेवर घेऊन गच्चीवर येणार, डोंगरावरची लाल माळ दाखवणार, दिवाळी बघ म्हणणार आणि जेवायला खाली जाणार. द्वारकाचं माहेर त्या माळेच्या पायथ्याशी होतं. पण ती धुराकडे बघत राहिली ते माहेर पायथ्याशी आहे म्हणून नव्हे. आज मंगळवार होता म्हणून.

मंगळवार हा डोंगरच्या आईचा वार. ही आई म्हणजे चढावर मध्येच उभा असलेला शेंदूर फासलेला दगड. ना कळस, ना पुजारी. पण माहेरच्या वस्तीतल्या जुन्या बायकांना मोठमोठ्या देवळांपेक्षा तिचा वचक जास्त. लग्नाला आठ वर्षं होऊनही द्वारकाची कूस उजवेना तेव्हा काकासाहेबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दोन डॉक्टर केले, सासूनं चार देव केले, आणि तिच्या मायनं, मनकर्णाबाईनं, कोणाला न विचारता एका मंगळवारी त्या दगडापुढे पदर पसरला. माझ्या लेकीच्या ओटीत लेकरू घाल, मी तुला डोंगर पेटवून उजेड दाखवीन. असला नवस बोलायची त्या वस्तीत जुनी रीत होती आणि फेडायचीही एक रीत होती. एकटीनं जायचं. दगडाच्या पायाशी गवत पेटवायचं. मग मागं वळून बघायचं नाही आणि आल्या वाटेनं उतरायचं नाही. दगडापासून वर एक कातळाची वाट जाते, तिच्यावर गवत उगवत नाही. त्या वाटेनं तसंच चढत जायचं आणि धारेवरून, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरून, पलीकडे उतरायचं. मागं पाहिलं की दिलेलं परत जातं. बारशाच्या दिवशी बाळाच्या टाळूवर तेल जिरवता जिरवता माय हे सगळं सांगत होती, दळणाचं सांगावं तसं. 'पाडव्याच्या आत फेडून टाकते. पुंजाला बोलू नको. त्याची नौकरी हाय.' बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचा कलकलाट होता, पेढ्यांचे पुडे सुटत होते. नको म्हणायला द्वारकाच्या तोंडात जीभ होती. पण मांडीवरची ती इवलीशी टाळू लपलप उडत होती, आणि जिनं ते लेकरू दिलं तिच्याशी हुज्जत कोण घालणार? चारचौघांत ऐकलं असतं तर द्वारका हसली असती. एकटीनं ऐकलं म्हणून तिला ते खरं वाटलं.

आणि पुंजा. पुंजाराम, तिचा धाकटा भाऊ, वनखात्यात रोजंदारीवर होता. होळी झाली की त्याला वणवा विझवायच्या कामावर घालत. मागच्या खेपेला घरची बाजरी घेऊन आला तेव्हा जेवता जेवता तो आपलं काम समजावून सांगत होता, आणि काकासाहेब, वाळूजच्या कारखान्यात मशिनीवर असलेला माणूस, दुसऱ्याच्या मशिनीबद्दल ऐकावं तसं मन लावून ऐकत होते. लोकांना वाटतं आम्ही हिरवे डहाळे घेऊन आगीच्या मागं पळतो, पुंजा म्हणाला. ते लहान आगीचं झालं. मोठी भडकली तर तिच्या पुढं जायचं, थेट धारेवर, आणि तिथून आपणच गवताचा पट्टा पेटवायचा, खालच्या अंगाला. 'आग आगीला भेटली का दोघी मरत्यात, आक्का. खायाला कायच राहत नाय.' त्यानं तोंडानं फुस्स केलं आणि अजून एक भाकरी मागून घेतली. मधल्या जागेत काय होतं ते द्वारकानं विचारलं होतं. ससे भाजून निघतात, तित्तर, घोरपडी, असं तो म्हणाला. आणि माणूस? तेव्हा तो हसला होता. माणूस वर कशाला जाईल, आग बघून माणूस खालीच पळतंय. पुंजाला सगळं ठाऊक होतं, फक्त बायकांचा नवस ठाऊक नव्हता. तो बायकांनी बायकांनाच सांगायचा असतो.

ती दुपट्यांचा गठ्ठा पोटाशी धरून उभी होती आणि ऊन तिच्या डोक्यात शिरत होतं. माय चढत असेल. कातळाच्या वाटेनं, मागं न बघता. गुडघे धरलेली बाई. या घराचे जिने चढायचे तर प्रत्येक वळणावर भिंतीवर हात आपटून दम घेते. आत्ता तिथं हात टेकायला काय आहे? तापलेला कातळ. आणि वर धारेवर तिचाच पोरगा पट्टा पेटवायच्या तयारीत उभा असणार. धुरातून त्याला माय दिसायची नाही आणि मायला तो दिसायचा नाही. दिसला तरी ती मागं फिरणार नाही, कारण मागं पाहिलं की दिलेलं परत जातं. दिलेलं म्हणजे खालच्या खोलीत झोळीत निजलेलं हे पोर. बिडीच असेल, द्वारका स्वतःला म्हणाली. दरसालचंच आहे. पण हे म्हणायला तिची जीभ रेटेना, कारण गेल्या आठवड्यात पोराला ताप भरला होता. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि लहान मुलांना होतंच असं म्हणाले. तिला मात्र डोळ्यांपुढं तो शेंदरी दगड दिसायला लागला. पाडवा जवळ आला, देणं फिटलं नाही, म्हणून हा ताप. त्यांच्या वस्तीवरचा सांडूमामा अंजिरांच्या पाट्या घेऊन शहरात येतो, त्याला तिनं औरंगपुऱ्यात गाठलं आणि निरोप दिला होता. 'मायला म्हणावं, बाळाला ताप हाय. तुझं जे राह्यलंय ते लवकर उरक.' सांडूमामानं मान डोलावली, बाळाच्या नावानं दोन अंजिरं तिच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. नुसता निरोप गेला तरी डोंगरच्या आईनं ऐकलं, असं वाटून तिनं त्या दिवशी गोड केलं होतं. शिरा. काकासाहेबांनी दोनदा मागून घेतला.

तर हे असं होतं. आग मायनं लावली असेल, पण तिला धाडलं होतं लेकीनं. द्वारका खाली आली, झोळीतलं पोर उचललं आणि जिना उतरून हमीदभाईंच्या किराणा दुकानात गेली. तिथं फोन होता. काकासाहेब दुसऱ्या पाळीला गेले होते, कंपनीची बस त्यांना जेवण झाल्या झाल्या घेऊन गेली होती. खुलताबादच्या वनखात्याच्या चौकीचा नंबर पुंजानं कधीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवला होता आणि रोज कॅलेंडर बघून तो तिला पाठ झाला होता. फोन उचलला तो चौकीतल्या बाबूनं. तिनं पुंजारामची बहीण म्हणून सांगितलं आणि तो आहे का विचारलं. सगळे वर गेलेत, बाबू म्हणाला, जीप पण वरच आहे, आग मोठी आहे, धारेवर पट्टा घेणार आहेत. काय काम होतं? काय काम होतं ते तिच्या ओठांवर आलं होतं. मागं दोन बाया तेल घ्यायला उभ्या होत्या, समोरच्याच चाळीतल्या. आणि ते एक वाक्य बोललं की काय काय होणार हे सगळं तिला एका दमात दिसलं. मायला पोलीस नेणार. पुंजा कायम व्हायची वाट बघत होता, ती वाट संपणार. काकासाहेब मित्रांना सांगत फिरतात की बायकांचे देव हरले आणि माझे डॉक्टर जिंकले, ते तिच्याकडे बघणार. 'काय नाय,' ती म्हणाली, 'सहज केला व्हता.' आणि फोन ठेवला. सहज म्हणे. डोंगर जळतोय, माय आत आहे आणि ही बाई सहज फोन करते.

जिन्याच्या चौथ्या की पाचव्या पायरीवर ती बसून राहिली.  पोर जागं होऊन तिच्या मंगळसूत्राच्या मण्यांशी खेळायला लागलं. लहानपणी एकदा वणवा विझल्यावर माय तिला जळल्या डोंगरावर घेऊन गेली होती, कशाला ते आता आठवत नव्हतं. हरवलेली शेळी असेल. राखेतून पायांना ऊब लागत होती. छान वाटत होती ती ऊब, आणि आपल्याला छान वाटतंय याची लाज वाटत होती. सगळीकडे फुटाण्यांच्या भट्टीसारखा वास. एका झुडपाखाली तित्तराची मादी बसलेली होती. द्वारका हात लावायला गेली तर ती कलंडली. वरून नुसती पिसांची राख, आणि पोटाखाली अंडी. उडता येत होतं तिला, माय म्हणाली. उडता येत असून बसली. मायच्या आवाजात कौतुक होतं की राग, तेव्हा कळलं नव्हतं, आणि आज पायरीवर बसून ते आठवताना द्वारकाला कळलं की माय त्या पाखरावर चिडली होती. असं मरू नये कोणी, असंच काहीसं पुटपुटत तिनं त्याच्यावर माती लोटली होती. आणि तीच माय आता माझ्यापायी त्या पाखरासारखंच करील, वर जाईल, मागं बघणार नाही. द्वारकाच्या घशातून एक आवाज निघाला. पोर दचकलं. लाज, नोकरी, पोलीस, हे सगळं त्या आवाजापुढं एकदम हलकं झालं. ती उठली आणि पुन्हा खाली गेली.

'साहेब, पट्टा पेटवू नका,' ती फोनमध्ये म्हणाली. 'वर माझी माय हाय.'

 मग बाबूनं विचारलं, 'कोन बोलतंय?'

'पुंजारामची बहीण. मगा बोलले तीच. माय धारंकडं चढतीय.'

'तुमाला तिकडं बसून कसं दिसतंय?'

तेलवाल्या बाया अजून तिथंच होत्या. आता तिसरीही आली होती. 'तिनंच लावलाय वणवा,' द्वारका म्हणाली. 'माझ्या लेकरासाठी बोलली व्हती. पेटवलं का वरच जावं लागतंय. मागं येता येत नाय.'

हमीदभाईंनी हातातला तराजू खाली ठेवला. बाया एकमेकींकडे बघून जराशा मागे सरकल्या, जळत्या वस्तूपासून सरकावं तशा. बाबूनं आरडाओरडा केला नाही. जीपमध्ये वायरलेस आहे त्यावर कळवतो म्हणाला, वस्तीवर माणूस धाडून म्हातारी घरी आहे का तेही बघायला लावतो म्हणाला, आणि दुकानाचा नंबर घेतला. हमीदभाईंनी गल्ल्यामागचं स्टूल तिला दिलं. 'बैठो बाई,' एवढंच ते म्हणाले, आणि पुढची गिऱ्हाइकं त्यांनी हळू आवाजात उरकली. द्वारका फोनकडे बघत बसली. काळा, जड, धुळीनं माखलेला फोन. बोलून टाकल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता तिला माय जास्तच स्पष्ट दिसायला लागली. पदर नाकाला, एक हात गुडघ्यावर. मग माय दिसेनाशी झाली आणि नुसता कातळ दिसायला लागला, तो जास्त वाईट होता. ती मनातल्या मनात डोंगरच्या आईला काय काय देऊ करत होती. साडी, नारळ, चांदीचे डोळे. शेवटी ती म्हणाली, दिलेलं परत घे पण मायला सोड. आणि म्हणताक्षणी तिनं पोराला असं आवळलं की ते रडायला लागलं. असलं बोलायला तिला कोणी सांगितलं होतं? तिनं जीभ चावली, पण बोललेलं कुठं परत गिळता येतं?

फोन वाजला. बाबूच होता. पट्टा थांबवलाय, तो म्हणाला. द्वारकानं डोळे मिटले. त्या एका क्षणापुरतं तिला इतकं मोकळं वाटलं की ती त्याला देव भलं करो म्हणणार होती. पण तो थांबला नाही. वस्तीवर माणूस जाऊन आला, घराला बाहेरून कडी आहे, शेळी दावणीला, म्हातारीचा पत्ता नाही. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं. ते वायरलेसवर सांगितलं. 'तुमचा भाऊ काय ऐकंना. धारंवरनं खाली शिरलाय, माय माय वरडत. दोघंजण धरत व्हते, हिसडा मारून गेला.' आग कुठवर आली म्हणून तिनं विचारलं. 'पट्टा घेतला नाय ना,' बाबू म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा जरा उतरला, 'मंग येनारच की ती वर. आमी पन निघालोय समदे.' फोन बंद झाला. द्वारका तो कानाला तसाच धरून होती. हमीदभाईंनी तो तिच्या हातातून काढून घेऊन जागेवर ठेवला.

वर जाऊन पोराला पाजणं भाग होतं. पोराचं पोट काही डोंगरासाठी थांबत नाही. भुकेनं ते तांबडंलाल झालं होतं. गच्चीच्या दारात बसून तिनं त्याला पदराखाली घेतलं. ऊन उतरलं होतं आणि धुराच्या पोटात आता लाली दिसत होती. आता तिकडे दोघं होते. एक मागं न बघता वर येणारी आणि एक तिला हाका मारत खाली जाणारा. कातळाच्या वाटेवर त्यांची गाठ पडेल, पडायलाच पाहिजे, वाट एकच आहे. तो तिला पाठीवर घेईल. पुंजा अंगानं दणकट आहे, बाजरीचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेतो. माय म्हणजे काय, पोत्याहून हलकी. हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि पोर चुटुचुटु पीत राहिलं, आणि अंगातून दूध वाहतं आहे याचाच तिला राग आला.

जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक. मध्येच थांबणारी. भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला, मग दम खाल्ल्याचा, मग पुन्हा पाऊल. द्वारका उठली नाही. तिला वाटलं आपलं डोकं फिरलं.

मनकर्णाबाई दारात उभी राहिली. हातात पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ, पायांत नेहमीच्या झिजलेल्या चपला. लुगड्याला कुठं डागसुद्धा नव्हता. ती धापा टाकतच बोलायला लागली. एस्टी घाटात किती वेळ उभी होती म्हणून सांगू, सगळा धूर रस्त्यावर उतरलेला, ड्रायव्हर पुढं काढायला तयार नाही, माणसं खोकून बेजार. त्यात खुलताबादला दर्ग्यात ही गर्दी. सकाळी जाऊन बसले ते दुपार टळल्यावर नंबर लागला. पण दोरा आणलाय बघ. सांडूनं तापाचं सांगितल्यापासून जिवाला चैन नव्हतं. असं म्हणत तिनं पोराच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला, आणि ताप नाही म्हणून तिथंच खाली बसून हसली.

'माय,' द्वारकाला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला, 'तू डोंगरावर नाय गेलीस?'

'नाय गं,' माय म्हणाली. पिशवीतून काळा दोरा काढून ती त्याची गाठ सोडवत होती. 'मागच्याच मंगळवारी जाऊन आईच्या पाया पडले. म्हनलं, माझं चुकलं, बोलू नये ते बोलले. तुझं देनं दुसऱ्या कशात घे. कोंबडं घे, लुगडं घे. पुंजा तिथं राबतोय, त्याच्याच अंगावर आग कशी सोडू मी?' दोरा पोराच्या दंडाला बांधून तिनं गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं. मग काहीतरी आठवून तिनं मान वर केली. 'त्याला सांगून नाय निघाले बघ. अंधारातच कामावर गेल्ता. घरी आला का हुडकीत बसंल बिचारा.'

द्वारकानं पोर तिच्या मांडीवर टाकलं. काय गं, काय झालं, असं माय मागून विचारत होती. जिना ती कशी उतरली ते तिला कळलं नाही. हमीदभाईंनी तिचा चेहरा बघून गिऱ्हाइकाच्या हातातून फोन घेतला आणि तिच्यापुढं केला. तिनं नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली, चौकीत, त्या बाबूच्या टेबलावर, जिथं आता कोणीही नव्हतं. वाजून वाजून ती बंद पडली. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा वाजली. हमीदभाई काहीतरी म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. तोंडाजवळ फोन घट्ट धरून द्वारका त्या वाजणाऱ्या घंटेलाच सांगत राहिली, माय इथं हाय रे पुंजा, माघारी फिर, माय माझ्याकडं हाय.